रिव्हर्सचा माणूस

रविराजचं हेवी गाडीचं लायसन पोस्टानं आलं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं ते हातात घेऊन बघितलं. त्याच्या बापानं, सावळीरामनं, पुढून बघितलं, मागून बघितलं, उन्हात धरून बघितलं आणि म्हणाला, "हे तर झालं. आता याच्याखाली गाडी कोण देतं ते बघ." म्हाताऱ्याची जीभच तिरकी. पण पुढं त्याचंच खरं झालं, आणि खरं झालं म्हणूनच रविराजला त्याचा जास्त राग आला.

आई सगुणाबाईनं लायसन देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. चार वर्षांच्या आरोहीनं फोटो बघून विचारलं, "पप्पा, तुम्हाला कोण रागावलं होतं?" आणि मग ते बायको निकिताकडं आलं. तिनं लायसन दोन तळहातांमध्ये धरलं, बोटं न लावता. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती.

सिन्नरजवळ डुबेऱ्याला त्यांची साडेतीन एकर जमीन. घरचं खायला पुरायचं, बाजारात न्यायला काही उरायचं नाही. रविराज अठराव्या वर्षापासून चुलतभावाचा, अमोलचा, ट्रॅक्टर चालवत आला होता. नांगरट, पेरणी, कांद्याच्या ट्रॉल्या मार्केटला नेणं, सगळं त्याच्याकडं. पंधरा वर्षं झाली. मग अमोलनं ट्रॅक्टर विकला, रान वाट्यानं दिलं आणि सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर लागला. जाताना म्हणाला, "तुला काय रे, कुठंबी लागशील. हातात कला हाय तुझ्या." कला हातात होती हो, पण हाताखालचा ट्रॅक्टर गेला त्याचं काय.

तेव्हापासून घरात रोख पैसा यायचा तो निकिताच्या कष्टाचा. ती द्राक्षाच्या टोळीत जायची. पहाटे पाचला पारापाशी पिकअप यायची, अठरा बायका तिच्यात उभ्यानं शिरायच्या आणि निफाडकडच्या बागांत जायच्या. दिवाळी झाली की डिपिंग सुरू. मगात औषध घ्यायचं आणि वेलीवरचा एकेक घड त्यात बुडवायचा. दिवसभर हात वर, मान वर, औषध कोपरापर्यंत ओघळत यायचं. संध्याकाळी निकिताला भाकरी थापता यायची नाही. सासू थापायची आणि ही चुलीजवळ हात मांडीवर उताणे टाकून बसायची.

त्या दिवशी रविराज ते हात बघून बोलून गेला, "पुढच्या डिपिंगला तू पिकअपमध्ये नसशील. रोडवरच्या ड्रायव्हरला तीस हजार मिळत्यात, वर भत्ता. एकदा लागू दे मला." आईसमोर बोलला, बापासमोर बोलला. बोलताना बरं वाटलं, पण बोललेलं मग गळ्यात पडतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं फिरणं सुरू झालं. द्वारका, आडगाव नाका, अंबड, सातपूर. जिथं जिथं ट्रान्सपोर्टचा बोर्ड दिसेल तिथं मोटरसायकल लावायची, केस नीट करायचे, आत जायचं. आतला माणूस मोबाइलमधून मान वर न करता विचारायचा, "अनुभव?"

"पंधरा वर्षं ट्रॅक्टर."

"ट्रकचा विचारतोय."

"नवीनच काढलंय लायसन."

"मग अनुभव घेऊन ये."

अनुभव काय किराणा दुकानात मिळतो का पुडीत बांधून? अनुभव नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून अनुभव नाही. सातपूरपासून सिन्नरपर्यंत प्रत्येक गाळ्यात त्याला हेच ऐकवलं, आणि ऐकवताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं, की जणू जगात पहिल्यांदा हाच सांगतोय.

दुसरा प्रश्न त्याहून वाईट. "उस्ताद कोण तुझा?" ट्रकच्या धंद्यात प्रत्येकाला उस्ताद असतो. पाच-सात वर्षं कुणाच्या तरी काचा पुसायच्या, चाकं बदलायची, शिव्या खायच्या, मग कधीतरी रिकाम्या रस्त्यावर तो स्टेअरिंग हातात देतो. नोकरी मागायला गेलं की मालक लायसन बघत नाही, उस्तादाला फोन लावतो. कागदावर कुणाचा भरवसा नाही, फोनवर सगळ्यांचा. रविराजला कसला उस्ताद? घरातले बैल विकले, चुलत्याच्या दारात ट्रॅक्टर आला आणि हा त्याच्यावर बसला, एवढंच त्याचं शिक्षण. ट्रक शिकला तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, फी भरून. स्कूलचं नाव सांगितलं की लोक हसायचे.

एकदाच कुणीतरी ट्रायल घेतली. पंचवटीच्या मार्केटातला भाजीचा व्यापारी होता, त्याचा ड्रायव्हर न सांगता गावी निघून गेला होता आणि दहा चाकी गाडी भरायची खोळंबली होती. व्यापारी म्हणाला, "बस वर. तेवढी मागं घेऊन गाळ्याला लाव. लागली तर उद्यापासून ये."

रविराज आत बसला. गाडी चालू केली, आरशात बघितलं. गाळा डाव्या हाताला होता. हमाल ओरडला, "डावीकडं घ्या, डावीकडं." आणि रविराजचे हात उजवीकडं वळले. पंधरा वर्षांची सवय. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना मागचं धूड डावीकडं न्यायचं असेल तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं, मधल्या जोडामुळं सगळं उलटं चालतं. शेतकऱ्याच्या हातांना ते विचारावं लागत नाही. पण ट्रक म्हणजे एकसंध अंग, त्याला जोड नाही. जिकडं फिरवाल तिकडंच मागचं जातं. हे त्याला माहीत होतं, स्कूलमध्ये घोकून घेतलं होतं. पण लोक बघायला लागले, हमाल ओरडायला लागला आणि डोक्यानं सांगायच्या आत हातांनी आपलं काम केलं.

गाडी उजवीकडं गेली आणि रिकाम्या क्रेटच्या थप्पीत घुसली. साठ-सत्तर क्रेट. प्लास्टिक फुटल्याचा आवाज सबंध मार्केटात गेला. भाजी निवडणाऱ्या बायकासुद्धा उठून बघायला आल्या. व्यापारी शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो हसत होता. "उतर बाबा," म्हणाला, "तू आपला कांद्याचीच ट्रॉली चालव." हमाल दिवसभर पुरेल एवढं हसले. रविराज खाली उतरून क्रेट गोळा करायला वाकला, तर व्यापारी म्हणाला, "राहू दे, ते पण उलटे लावशील." हे मात्र त्याला फार लागलं. घरी येऊन त्यानं कुणालाच सांगितलं नाही. निकितानं ताट वाढलं आणि विचारलंही नाही. त्याच्या बसण्यावरून तिला कळायचं.

बापाला मात्र राहवायचं नाही. "आज कुठल्या गाडीनं आला?"

"मोटरसायकलनं."

"मग ठीक हाय. मला वाटलं कंटेनर लावायला जागा करायची का दारात."

"नाना, गप बसा ना तुम्ही," निकिता म्हणाली. सासऱ्याला ती कधी असं बोलत नव्हती. सावळीरामही चपापला आणि त्यानं तंबाखूची पिशवी शोधायला घेतली.

फेब्रुवारी उजाडला. द्राक्षाची तोडणी सुरू झाली, निकिताच्या हातात मगाऐवजी कात्री आली. रविराज सिन्नरच्या एमआयडीसीत गेला. तिथं एक मोठं गोदाम होतं. मुंबईच्या बंदरावरून कंटेनर यायचे, खाली व्हायचे, भरून परत जायचे. अर्ज द्यावा म्हणून तो गेटाशी पोचला तर आत जायला वाटच नव्हती. एक ट्रेलर गेटात अडकला होता. पुढं ड्रायव्हरच्या केबिनचं मुंडकं, मागं चाळीस फुटी कंटेनर, मध्ये जोड. मुंडकं रस्त्याकडं, कंटेनर भिंतीकडं. गेटावरचा बुधा, पेठकडचा, शिट्टी तोंडात धरून हात हलवत होता, पण शिट्टी वाजवायचंही विसरला होता. ड्रायव्हर पुढं घ्यायचा, मागं घ्यायचा, आणि दर खेपेला कंटेनर आणखी तिरका व्हायचा.

रविराज पाच मिनिटं बघत राहिला. हा ड्रायव्हर हात कुठं चुकवतोय ते त्याला लगेच कळलं. बिचारा ट्रकसारखं फिरवत होता. रविराज पंचवटीत जे चुकला होता तेच, फक्त उलट्या बाजूनं.

तो केबिनच्या पायरीवर चढला. "दादा, मी लावू का?"

ड्रायव्हर पन्नाशीचा, घामानं निथळत होता. यादव त्याचं नाव, येवल्याकडचा, तीस वर्षं ट्रकवर काढलेली आणि तीनच महिन्यांपूर्वी ट्रेलरवर आलेला. तो इतका वैतागला होता की कोण, कुठला, काही न विचारता सरकून बसला.

रविराजनं स्टेअरिंग धरलं. कंटेनर डावीकडं न्यायचा होता, हात उजवीकडं गेले. त्याला काही ठरवावं लागलं नाही. मागचं धूड हळूहळू सरळ झालं, गेटाच्या दोन खांबांमधून आत शिरलं आणि माल उतरवायच्या धक्क्याला जाऊन टेकलं. रबर दबल्याचा तेवढा आवाज आला. बुधानं आता शिट्टी वाजवली. गोदामाचे मॅनेजर सांगळेसाहेब चहाचा कप घेऊन पायरीवर उभे होते, त्यांनी कप खाली ठेवला.

"कुठं शिकलास?"

"ट्रॉलीवर, साहेब."

सांगळेंनी त्याला आत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी खुर्ची दिली होती. ते म्हणाले, रोडवर लगेच पाठवता येत नाही, विमावाले अनुभव मागतात. पण दिवाळीपर्यंत यार्डात काढ. आलेल्या गाड्या धक्क्याला लावायच्या, रिकाम्या बाहेर काढायच्या. बारा हजार मिळतील. दिवाळी झाली की अनुभवाचं पत्र देतो, आणि आमच्याच गाडीवर रोडवर चढवतो.

बारा आणि तीस यांत फरक किती ते रविराजला कुणी सांगायला नको होतं. पण पत्र मिळणार होतं. तो हो म्हणाला.

मग नऊ महिने त्यानं त्या यार्डात काढले. लांबी दीडशे मीटर, रुंदी त्याच्या निम्मी. याच्या बाहेर त्याची गाडी कधी गेली नाही. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा असा तापायचा की स्टेअरिंगला ओलं फडकं गुंडाळावं लागायचं. पावसाळ्यात यार्डात चिखल, आरसे धुऊन निघायचे, मान खिडकीबाहेर काढून मागं बघत गाडी घ्यावी लागायची. दिवसाला तीस-पस्तीस गाड्या. संध्याकाळी मान डावीकडं वळायची बंद व्हायची. निकिता तेल चोळायची, आणि तिच्या बोटांची खरखर त्याला मानेवर जाणवायची. दोघांपैकी कोण कुणाची कीव करतंय तेच कळायचं नाही.

बाहेरून आलेले ड्रायव्हर गेटापाशी उतरायचे, किल्ली त्याच्याकडं टाकायचे आणि चहाला जायचे. "मास्तर, लाव रे तेवढी." त्याला मास्तर म्हणायचे. यादवदादा तर त्याच्याशिवाय गेटात शिरायचाच नाही. कसारा घाटात चाळीस टन माल घेऊन उतरणारा माणूस, पण दीडशे मीटरच्या यार्डात त्याचे हात गोंधळायचे. तो प्रामाणिकपणे म्हणायचा, "तुझे हात मला दे बाबा, अन् माझा पगार तू घे." रविराज हसायचा, पण त्याला मनात वाटायचं, चेष्टा करू नको, मी खरंच घेईन.

घरी बाप विचारायचा, "आज कुठपर्यंत गेला होता?"

"धक्क्यापर्यंत."

"बरं. उद्या गेटापर्यंत जा."

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. सोमवारी पहाटे पारापाशी पिकअप उभी राहिली. रविराजला वाटत होतं, निकिता काहीतरी बोलेल. टोळीची मुकादमीण तानुबाई पारावरून हाक मारत होती. निकितानं डोक्याला फडकं बांधलं, डबा घेतला आणि म्हणाली, "आरोहीचं दूध झाकून ठेवलंय." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्या दिवशी यार्डात पोचल्यावर तो आधी सांगळेंच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, दिवाळी झाली."

"हो, झाली की. काय म्हणतोयस?"

"पत्राचं बोलले होते तुम्ही. अन् रोडचं."

सांगळेंनी खुर्चीत मागं रेलून त्याच्याकडं बघितलं. "अरे, तू रोडवर गेलास तर इथं लावणार कोण? बाकीच्यांना जमतं का तुझ्यासारखं?" हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, आणि तेच जास्त खुपलं. चांगलं काम करण्याची शिक्षा असते, हे रविराजला त्या दिवशी कळलं. वाईट लावली असती तर निदान हाकलून तरी दिलं असतं.

"मग पत्र तरी द्या. दुसरीकडं बघतो."

"देतो ना. क्लार्कला सांगतो. तू आधी यादवची गाडी घे आत, निर्यातीचा माल हाय, चारच्या आत भरून निघाली पाहिजे."

यादवदादाची गाडी गेटासमोर उभी होती. रविराज वर बसला, मुंडकं रस्त्यावर आडवं घेतलं, कंटेनरचं मागचं टोक गेटात शिरवलं. अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर असताना क्लार्क कागद घेऊन पळत आला आणि खिडकीतून वर दिला. "साहेबांची सही आहे, घे."

रविराजनं पाय ब्रेकवर ठेवून वाचलं. वर गोदामाचं नाव, खाली त्याचं. सदर इसम आमच्याकडे नऊ महिने हेल्पर या पदावर काम करत होता. वागणूक चांगली.

त्यानं परत वाचलं. "हेल्पर?"

"हजेरीच्या मस्टरवर तसंच आहे," क्लार्क म्हणाला. "ड्रायव्हर दाखवला तर पगार वेगळा द्यावा लागतो, विमा वेगळा. सगळ्यांचं तसंच असतं."

रविराजला आधी राग आला नाही, लाज वाटली. नऊ महिने घरी, गावात, सासरवाडीत ड्रायव्हर म्हणून सांगितलं. राग मागून आला आणि चांगला आला, पोटापासून. त्यानं गाडी बंद केली. हँडब्रेक ओढला. किल्ली तशीच ठेवली. डबा घेतला आणि खाली उतरला.

"अरे, कुठं चालला?" क्लार्क म्हणाला.

"हेल्पर हाय ना मी. हेल्परला गाडी चालवता येती का? किल्ली आतच हाय. लावा कुणीबी."

गेटाबाहेर कडुनिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली जाऊन तो बसला आणि डबा उघडला. भाकरी आणि मेथीची भाजी. गेटाकडं बघत तो एकेक घास खात राहिला.

आधी यादवदादानं प्रयत्न केला. जायच्या आधी झाडाखाली आला आणि हळूच म्हणाला, "मी नाय म्हणू शकत नाय रे, नोकरी हाय." रविराज म्हणाला, "बस दादा तू, तुझ्यावर राग नाय." यादवदादा बसला, आणि पंधरा मिनिटांत मुंडकं आणि कंटेनर यांचा असा कोयता झाला की पुढंही जाईना आणि मागंही येईना. मग दुसरा बसला. त्यानं भिंतीचा कोपरा काढला. तिसरा नुसता बघून खाली उतरला. तोवर रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. आतल्या भरलेल्या गाड्यांना निघता येईना, बाहेरच्या रिकाम्यांना शिरता येईना. एसटी अडकली, तिच्यातल्या बाया खिडकीतून विचारायला लागल्या, काय झालंय, अपघात झालाय का.

सांगळे पहिल्यांदा आले ते ओरडत. पोलिसांत देतो म्हणाले. रविराज म्हणाला, "द्या की. काय सांगाल? हेल्परनं गाडी चालवली नाय म्हणून?" बुधानं तोंड दुसरीकडं फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. तासाभरानं सांगळे परत आले, आवाज खाली आला होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रविराज, आपण घरची माणसं. आधी गाडी लाव, मग बसून बोलू." रविराजनं हात बाजूला केला नाही आणि उठलाही नाही. त्याला भीती वाटत होती. बारा हजार चालले हे त्याला दिसत होतं, निकिताचा चेहराही दिसत होता. पण उठलं तर पुढच्या दिवाळीलाही इथंच बसायचं होतं.

तीन तास झाल्यावर क्लार्क दुसरा कागद घेऊन आला. सदर इसम आमच्या यार्डात नऊ महिने ट्रेलर ड्रायव्हर म्हणून काम करत होता. रविराजनं एकेक शब्द वाचला, सही बघितली, शिक्का बघितला. कागद घडी करून खिशात ठेवला, हात धुतले आणि वर बसला. दोनदा पुढं, दोनदा मागं. कोयता सुटला, कंटेनर सरळ झाला, धक्क्याला टेकला. पाच मिनिटं लागली असतील. रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न वाजवले ते घाईचे की कौतुकाचे, कुणास ठाऊक.

उतरल्यावर सांगळे एवढंच म्हणाले, "उद्यापासून या गेटावर दिसू नको."

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. सगुणाबाई कपाळाला हात लावून बसली. बाप काहीतरी बोलणार असं वाटलं, पण सावळीराम उठला आणि गायीला पाणी दाखवायला गेला. निकिता म्हणाली, "म्हणजे आता बारापण नाय." मग जरा वेळानं, "कागद दाखवा." तिनं तो दोन तळहातांमध्ये धरून वाचला आणि परत दिला.

पहाटे ती पिकअपमध्ये गेली आणि उजाडल्यावर तो नाशिकला निघाला. पहिल्या दोन ठिकाणी कागद बघितलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, यार्डाचा अनुभव म्हणजे काय अनुभव का. चौथा दिवस, पाचवा दिवस. सहाव्या दिवशी विल्होळीजवळ, महामार्गाला लागून एक पत्र्याचं ऑफिस होतं, तिथं गेला. मालकीण सिंधुबाई. नवऱ्यामागं तिनं एका ट्रेलरचे सात केले होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती मटार सोलत बसली होती.

तिनं कागद वाचला. "हे सांगळे का? ओळखते मी." आणि वर छापलेल्या नंबरावर फोन लावला. हात मटारात होते म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. संपलं, असं रविराजला वाटलं. कागदावर कुणाचा भरवसा नाही, फोनवर सगळ्यांचा.

"रविराज थेटे म्हणून आलाय," सिंधुबाई म्हणाली. "कसाय?"

पलीकडून सांगळे सुटलेच. "त्याला अजिबात घेऊ नका, बाई. उर्मट माणूस. चाळीस फुटी गेटात आडवी लावली आणि झाडाखाली जाऊन जेवत बसला. तीन तास रस्ता बंद. एवढ्या-तेवढ्या कागदासाठी."

"आडवी लावली, मग तुमच्या बाकीच्या ड्रायव्हरांनी काढायची ना."

"नाही निघाली कुणाला. तिघं बसले. एकानं भिंत फोडली माझी."

सिंधुबाईनं शेंगेतून दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं. "मग काढली कोणी?"

"त्यानंच काढली."

"किती वेळात?"

"असेल, चार-पाच मिनिटं. पण बाई, प्रश्न तो नाही—"

"बरं," सिंधुबाई म्हणाली आणि करंगळीनं फोन बंद केला. मग पहिल्यांदा तिनं रविराजकडं नीट बघितलं. "मागं येतं तुला, कळलं. पुढं जाता येतं का?"

"येतं."

"कसारा उतरलाय?"

"नाय," रविराज म्हणाला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं होतं, पण आता त्याला कंटाळा आला होता. "यार्डाच्या बाहेर कधी नेलीच नाय."

"दोन खेपा माझा जुना ड्रायव्हर सोबत येईल. तिसरीला एकटा. जमलं तर तीस, नाय जमलं तर नमस्कार. अन् माझ्या गेटात आडवी लावलीस तर मी पोलीस बोलवत नाय, मी स्वतः येते. उद्या सकाळी ये."

बाहेर येऊन त्यानं निकिताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागं बायकांचा गलका, पंपाचा आवाज.

"काय झालं? आरोही बरी हाय ना?"

"बरी हाय. मी लागलो. उद्यापासून. तानुबाईला सांग, उद्या नाय येत म्हणून."

"अजून पाच एकर राहिलीय बाग," ती म्हणाली. "अर्ध्यात टोळी सोडून नाय येता येत. शनिवारी सांगते." मग आवाज अगदी खाली करून तिनं विचारलं, "यार्डात नाय ना?"

"नाय. रोडवर."

"खरं सांगा."

"खरंच. कसाऱ्यावरून मुंबईला."

तेव्हा कुठं निकिता रडली. त्याला नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला, आणि मागून तानुबाई ओरडत होती, फोन ठेव गं, मगातलं औषध तसंच राहिलंय.